डेटा येतो, दिसत नाही. दिसतो, पण चुकीचा: रिॲक्ट कंपोनंटमधल्या फेचचं समस्या निवारण

सर्व्हरवरून माहिती आणायची (यालाच फेच म्हणतात) आणि कंपोनंटमध्ये, म्हणजे पानाच्या एका स्वतंत्र तुकड्यात, दाखवायची, या कामात बिघडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. त्यामुळे शोधण्याचा क्रमही ठरवता येतो. खालचं सगळं रिॲक्ट, म्हणजे पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, धरून लिहिलं आहे. व्ह्यू किंवा स्वेल्ट वापरत असाल तर नेटवर्क, पत्ता, तारखा आणि कॉर्स (दुसऱ्या साइटचं उत्तर वाचण्यावर ब्राउझर पाळतो तो नियम) यांच्याबद्दलचं जसंच्या तसं लागू होईल.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ. गोव्यातल्या बारा तालुक्यांची यादी आहे, तालुका निवडला की तिथला पाऊस मिलिमीटरमध्ये दाखवायचा. कंपोनंट एवढाच, पण पावसाळ्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोक तो मोबाइलवर उघडणार आणि आकड्यावर विश्वास ठेवणार. म्हणून पांढऱ्या पडद्यापेक्षा चुकीचा आकडा जास्त वाईट, हे आधी मनात पक्कं करा.

लक्षणं

- "लोड होत आहे" कायम फिरत राहतं.
- पडदा पूर्ण पांढरा होतो आणि कन्सोलमध्ये "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड" येतं, शेवटी "मॅप" हा शब्द.
- चौकट येते, आत काहीच नाही, कन्सोलही स्वच्छ.
- "अनएक्स्पेक्टेड टोकन" आणि पुढे < हे चिन्ह.
- क्रोममध्ये "फेल्ड टू फेच", सफारीत "लोड फेल्ड".
- फोंडा निवडला, आकडे सासष्टीचे.
- एकच रिक्वेस्ट शेकडो वेळा जाते, मग सर्व्हर ४२९ (फार रिक्वेस्टी झाल्या) देऊ लागतो.
- लॅपटॉपवर चालतं, फोनवर किंवा होस्टिंगवर नाही.
- तारीख एक दिवस मागे.
- पाऊस शून्य असलेल्या दिवशी "माहिती उपलब्ध नाही".

कोड उघडण्याआधी नेटवर्क टॅब

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मं काम इथेच संपतं. एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये फेच-एक्सएचआरची गाळणी लावा, "डिसेबल कॅशे"वर खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. ती खूण डेव्हटूल्स उघडी असेपर्यंतच चालते, हे लक्षात असू द्या.

आता तीनपैकी एक गोष्ट दिसेल. रिक्वेस्टची ओळच नसेल, तर ती निघालेलीच नाही: कंपोनंट पानावर आलेला नाही, इफेक्टच्या (पडद्यावर काढून झाल्यावर चालणारा कोड, फेच तिथेच असतो) आधीच कुठली तरी अट परतवते आहे किंवा कन्सोलमध्ये दुसरीच लाल चूक पडली आहे. ओळ लाल असेल किंवा तिचा स्टेटस (सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक) ४०० किंवा त्याहून मोठा असेल, तर दोष पत्त्यात, परवानगीत किंवा सर्व्हरवर आहे. ओळ २०० ची असेल आणि रिस्पॉन्समध्ये खरे आकडे दिसत असतील, तर सर्व्हरला हात लावू नका. बिघाड तुमच्या कंपोनंटमध्ये आहे.

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०० येत असताना सर्व्हरवाल्याला फोन करणं आणि ५०० येत असताना इफेक्टची रचना बदलत बसणं, दोन्हींत दिवस जातो.

लगेच दुसरी स्वस्त तपासणी: तेच पान इनकॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शनं सहसा बंद असतात आणि जुनी साठवण नसते. तिथे चाललं, तर जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन, जुना सर्व्हिस वर्कर (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली, मागे चालणारी स्क्रिप्ट) किंवा शिळी कुकी यांच्यापैकी कोणीतरी आडवं येतं आहे. सर्व्हिस वर्कर ॲप्लिकेशन टॅबमधून काढता येतो. पत्त्यात "ॲड" किंवा "ट्रॅक" असे शब्द असले, तर काही एक्स्टेन्शनं तुमची स्वतःची रिक्वेस्टही अडवतात.

पत्ता

नेटवर्क टॅबमधल्या ओळीवर टिचकी मारा आणि पूर्ण पत्ता अक्षर अक्षर वाचा. कोडमध्ये काय लिहिलं आहे ते नको, प्रत्यक्षात काय गेलं ते वाचा.

पत्त्यात "अनडिफाइन्ड" हा शब्द दिसला, तर एन्व्ह व्हेरिएबल (कोडबाहेरच्या फाइलीत ठेवलेलं मूल्य) ब्राउझरपर्यंत पोचलेलं नाही. प्रकल्प चालवायला आणि बांधायला व्हीट किंवा नेक्स्ट यांपैकी एखादं साधन असतं. व्हीटमध्ये नाव व्हीट-अंडरस्कोरने सुरू व्हावं लागतं, नेक्स्टमध्ये नेक्स्ट-पब्लिक-अंडरस्कोरने, दोन्ही कॅपिटल अक्षरांत. एन्व्ह फाइल बदलल्यावर पान आपोआप ताजं झालं नाही, तर डेव्ह सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. होस्टिंगवर तर नुसतं मूल्य बदलून काहीच होत नाही, कारण ते बिल्ड (होस्टिंगवर चढवायची कोडची तयार प्रत) होताना कोडमध्ये कोरलं जातं. तिथे नवा बिल्डच लागतो.

< चिन्हाच्या चुकीचं मूळही पुष्कळदा इथेच असतं. पत्ता अर्धवट राहिला की ब्राउझर तो तुमच्याच साइटवर शोधतो. एकपानी ॲपचं होस्टिंग न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुख्य पान देतं, तेही २०० सकट. जेसन (एपीआय माहिती पाठवतो तो साचा) समजून वाचायला गेलेल्या कोडला एचटीएमएलचं पहिलं अक्षर भेटतं. म्हणून ही चूक दिसली की जेसनकडे न बघता आधी रिस्पॉन्स टॅब आणि पत्ता बघा.

फोनवर चालत नसेल, तर पत्त्यात लोकलहोस्ट आहे का ते पाहा. फोनवरचा लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर ठेवा, लॅपटॉपचा आयपी पत्ता वापरा आणि डेव्ह सर्व्हर होस्ट पर्यायासह सुरू करा. होस्टिंगवर चालत नसेल, तर पान एचटीटीपीएसचं आणि एपीआय (सर्व्हरवरची माहिती देणारी सेवा) साध्या एचटीटीपीचा, अशी जोडी आहे का ते बघा. ब्राउझर ती अडवतो. लोकलहोस्टला यात सवलत असल्यामुळे घरी हे कधीच लक्षात येत नाही.

स्टेटस, आणि फेचचा स्वभाव

सर्व्हरने ४०४ दिला काय नि ५०० दिला काय, फेचच्या दृष्टीने उत्तर आलं म्हणजे काम झालं. तो कॅचमध्ये (चूक हाताळणाऱ्या भागात) जातो फक्त नेटवर्क तुटलं, ब्राउझरने अडवलं किंवा तुम्ही रिक्वेस्ट रद्द केली तर. त्यामुळे चुकीचं पान जेसन म्हणून पुढे जातं आणि बिघाड भलत्याच ओळीवर दिसतो. रिस्पॉन्सचं ओके हे मूल्य तपासून, ते खोटं असेल तर स्टेटस आकड्यासह स्वतः एरर फेकणं, ही एक ओळ प्रत्येक फेचमागे असलीच पाहिजे. फेचऐवजी वापरली जाणारी ॲक्सिओस ही लायब्ररी हे आपण होऊन करते. टॅनस्टॅक क्वेरी वापरत असाल तरी ही ओळ लागते, कारण आत फेच असेल तर चूक फेकली गेल्याशिवाय त्या लायब्ररीला ती कळत नाही.

४०१ म्हणजे टोकन (लॉगिन केल्याचा पुरावा) नाही किंवा संपलं. ४०३ म्हणजे टोकन आहे, अधिकार नाही. ४०४ आला तर पुन्हा पत्त्याकडे जा. ५०२, ५०३, ५०४ हे सर्व्हरच्या बाजूचे, तुमच्या हातात फक्त नीट संदेश दाखवणं. २०४ ला मजकूरच नसतो, त्यावर जेसन वाचायला गेलात तर "अनएक्स्पेक्टेड एंड" अशी चूक येते. आणि रिस्पॉन्सचा मजकूर एकदाच वाचता येतो: तपासणीसाठी कन्सोलमध्ये एकदा वाचला आणि पुढे पुन्हा वाचला, तर दुसरी वेळ फसते.

लोडिंग कायम फिरत असेल, तर ते थांबवणारी ओळ फक्त यशाच्या वाटेवर आहे का पाहा. ती फायनलीमध्ये (यश आलं काय नि चूक झाली काय, दोन्ही वेळा चालणाऱ्या भागात) हवी.

२०० आहे, आकडे आहेत, पडद्यावर नाहीत

पहिला रेंडर (कंपोनंट पडद्यावर काढणं) डेटा येण्याआधीच होतो. स्टेटची (कंपोनंट लक्षात ठेवतो त्या मूल्याची) सुरुवात रिकामी सोडली आणि त्यावर लगेच मॅप (यादीतल्या प्रत्येकाची ओळ बनवणारं फंक्शन) चालवला की पांढरा पडदा ठरलेला. यादी असेल तर रिकाम्या ॲरेने सुरुवात करा. त्याहून बरं म्हणजे चार अवस्था वेगळ्या लिहा: येत आहे, चूक झाली, आलं पण रिकामं, आलं. तिसरी अवस्था बहुतेक कोडमध्ये नसतेच, आणि मग वापरणाऱ्याला आपण कशाची वाट बघतो आहोत ते कळत नाही.

मग आकार बघा. सर्व्हर थेट ॲरे देतो की "डेटा" किंवा "रिझल्ट्स" नावाच्या चावीत गुंडाळून देतो? प्रिव्ह्यू टॅबमध्ये ते उलगडून दिसतं.

चौकट रिकामी आणि कन्सोल स्वच्छ, या लक्षणामागे बहुधा मॅपमधला हरवलेला रिटर्न असतो. बाणानंतर महिरपी कंस वापरला तर रिटर्न लिहावाच लागतो, गोल कंस वापरला तर नाही. दुसरं कारण जुन्याच ॲरेत पुश करून तोच ॲरे परत सेट करणं. रिॲक्टला संदर्भ तोच दिसतो, म्हणून तो रेंडर टाळतो. नवा ॲरे द्या. आणि सेट केल्याच्या पुढच्याच ओळीत कन्सोलमध्ये जुनं मूल्य दिसलं तर घाबरू नका, नवं मूल्य पुढच्या रेंडरला मिळतं.

शून्य, तारीख, तालुक्याचं नाव

इथे कन्सोल काहीच सांगत नाही. पान व्यवस्थित दिसतं आणि माहिती खोटी असते, म्हणून इथे वेळ द्या.

शून्य मिलिमीटर ही नोंद आहे. नोंदच न होणं ही वेगळी गोष्ट आहे. "मूल्य || डॅश" असं लिहिलं की जावास्क्रिप्ट शून्यालाही रिकामं समजतं आणि एप्रिलमधल्या कोरड्या दिवशी प्रत्येक तालुक्यापुढे डॅश येतो. तिथे ?? वापरा, ते फक्त नल आणि अनडिफाइन्ड यांनाच रिकामं मानतं. याचा उलटा प्रकार म्हणजे यादीची लांबी आणि && यांनी लिहिलेली अट: यादी रिकामी असली की पडद्यावर एकटा ० उमटतो. अटीत "लांबी शून्याहून जास्त" असं स्पष्ट लिहा.

तारखेचा घोळ भारतात एका ठरावीक पद्धतीने होतो. वापरणारा कॅलेंडरमध्ये १५ जुलै निवडतो. ब्राउझर ती भारतीय मध्यरात्र धरतो. टू-आयएसओ-स्ट्रिंग ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलते, म्हणजे साडेपाच तास मागे, १४ जुलैचे १८:३०. पहिली दहा अक्षरं कापून पाठवली की सर्व्हरकडे १४ तारीख जाते. नुसती तारीख पाठवायची असेल तर वर्ष, महिना, दिवस स्थानिक वेळेतून वेगळे काढून जोडा आणि जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून सुरू होतात हे विसरू नका. उलट दिशेने, सर्व्हरकडून आलेली नुसती तारीख यूटीसी मध्यरात्र मानली जाते. गोव्यात ती पहाटे साडेपाच होते, तारीख तीच राहते, चूक लपते. टोरांटोत बसलेला गोंयकार तेच पान उघडतो आणि त्याला आदला दिवस दिसतो. दाखवताना टाइमझोन एशिया-कोलकाता असा नेमून द्या.

पावसाच्या बाबतीत आणखी एक: हवामान खात्याची दैनिक नोंद सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांची असते. यूटीसीत ते ३:०० वाजतात. आकड्याशेजारी "सकाळी ८:३० पर्यंतचे २४ तास" असं लिहा. नाहीतर काल दुपारी कोसळलेला पाऊस आजच्या तारखेखाली बघून लोक तुमचा डेटा चुकला म्हणतील.

तालुक्याच्या नावावरून जुळणी करू नका. एका स्रोतात रोमी लिपीतलं बार्डेझ, बिचोलिम, सालसेत येतं, दुसऱ्यात देवनागरीत बार्देश, डिचोली, सासष्टी. तुलना फसली की तो तालुका यादीतून गुपचूप गळतो. दोन्ही बाजूंना देवनागरी असली तरी शेवटी चिकटलेली मोकळी जागा किंवा अक्षरजोडणीचं अदृश्य चिन्ह दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांना वेगळं ठरवतं. सांकेतिक क्रमांक वापरा. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत तालुक्यांना ते दिलेले आहेत. नाव पत्त्यातून पाठवणं भागच असेल, तर यूआरएल-सर्च-पॅराम्सकडून पत्ता बनवून घ्या, स्ट्रिंगा जोडू नका. ओळींची "की" (रिॲक्ट जिच्यावरून ओळ ओळखतो ती खूण) म्हणूनही तोच क्रमांक ठेवा. अनुक्रमांक "की" म्हणून दिला आणि यादी पावसाच्या प्रमाणात लावली, तर एका तालुक्याची उघडलेली ओळ दुसऱ्याच्या नावावर जाते.

तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा

दोनदा जात असेल आणि तेही फक्त डेव्हलपमेंटमध्ये, तर तो दोष नाही. रिॲक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोड इफेक्ट एकदा चालवून, आवरून, पुन्हा चालवतो, तुमची आवरासावर नीट आहे का हे दिसावं म्हणून. स्ट्रिक्ट मोड काढून टाकणं हा उपाय नव्हे. त्याने बिघाड झाकला जातो, एवढंच.

थांबतच नसेल, तर यूजइफेक्टची अवलंबनांची यादी बघा. यादीच नसेल तर इफेक्ट प्रत्येक रेंडरला चालतो, आत स्टेट सेट होतं, पुन्हा रेंडर होतो. यादी असूनही फिरत असेल, तर तिच्यात कंपोनंटच्या आत बनवलेला ऑब्जेक्ट, ॲरे किंवा फंक्शन आहे. ते प्रत्येक रेंडरला नव्याने बनतं, म्हणून रिॲक्टला बदललेलं दिसतं. फिल्टरचा ऑब्जेक्ट ठेवण्याऐवजी त्यातला तालुका क्रमांक आणि तारीख ही साधी मूल्यं यादीत ठेवा. यादी जबरदस्तीने रिकामी करून लिंटरची (कोड तपासणाऱ्या साधनाची) सूचना बंद करू नका. मग फेऱ्या थांबतात खऱ्या, पण तालुका बदलला तरी आकडे जुनेच राहतात.

फोंड्याच्या नावाखाली सासष्टीचे आकडे

वापरणाऱ्याने सासष्टी निवडली, लगेच बदलून फोंडा केला. दोन रिक्वेस्टी गेल्या. फोंड्याचं उत्तर आधी आलं, सासष्टीचं मागाहून, आणि शेवटी आलेल्याने पडदा घेतला. ऑफिसच्या वेगवान वायफायवर हे घडताना दिसत नाही, म्हणून नेटवर्क टॅबमध्ये वेग थ्रीजीवर आणा आणि तालुके भराभर बदला.

उपाय इफेक्टच्या क्लीनअपमध्ये (इफेक्ट पुन्हा चालण्याआधी आवरासावर करणाऱ्या भागात) आहे. प्रत्येक इफेक्टमध्ये नवा अबॉर्ट-कंट्रोलर (रिक्वेस्ट रद्द करायची सोय) बनवा, त्याचा सिग्नल फेचला द्या, क्लीनअपमध्ये अबॉर्ट करा. कॅचमध्ये अबॉर्ट-एरर ओळखून सोडून द्या, नाहीतर तालुका बदलताना दरवेळी लाल संदेश चमकेल. फायनलीतली लोडिंगची ओळही सिग्नल रद्द झालेला नसेल तरच चालू द्या, नाहीतर जुनी रिक्वेस्ट नव्या रिक्वेस्टचं लोडिंग बंद करते. इफेक्टला थेट असिंक फंक्शन देऊ नका. ते क्लीनअपऐवजी प्रॉमिस परत करतं आणि आवरायची सोयच जाते. असिंक फंक्शन आत लिहा आणि तिथेच बोलवा.

तीन-चारपेक्षा जास्त कंपोनंट डेटा आणत असतील, तर हे सगळं हाताने लिहिण्याऐवजी टॅनस्टॅक क्वेरी किंवा एसडब्ल्यूआर यांपैकी एक लायब्ररी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेंज नसलेल्या जागा

चोर्ला घाटात, मोलेच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते. पणजीत तपासलेलं पान तिथे अर्ध्यावर लटकतं, कारण फेचला स्वतःची मुदत ठरवून दिलेली नसते. अबॉर्ट-सिग्नलचा टाइमआउट १०,००० मिलिसेकंद ठेवा. पुन्हा प्रयत्न तीनच, १, २ आणि ४ सेकंदांच्या अंतराने, आणि फक्त वाचणाऱ्या रिक्वेस्टींसाठी. ४०४ वर पुन्हा प्रयत्न करून काही मिळत नाही, ४२९ वर सर्व्हरने सांगितलेला रिट्राय-आफ्टर पाळा. नेव्हिगेटरचं ऑनलाइन खरं असलं तरी इंटरनेट आहेच असं नाही, यंत्र कुठल्या तरी नेटवर्कला जोडलेलं आहे एवढाच त्याचा अर्थ. नवी माहिती आली नाही तर त्याच तालुक्याची जुनी पुसू नका. ती वेळेसह दाखवा.

कॉर्स

सगळ्यात शेवटी हे, कारण दुरुस्ती बहुतेक वेळा तुमच्या कोडमध्ये नसते. पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायच्या ॲपमध्ये) उत्तर येतं आणि ब्राउझरमध्ये नाही, याचं कारण कॉर्सचा नियम ब्राउझर पाळतो, पोस्टमन पाळत नाही. सर्व्हरने तुमच्या ओरिजिनला परवानगी देणारा हेडर पाठवला पाहिजे. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. शेवटी तिरपी रेघ जास्त पडली तरी जुळत नाही. कुकीसकट रिक्वेस्ट असेल तर तारांकित परवानगी चालत नाही.

दोन फसव्या जागा आहेत. सर्व्हर आतून ५०० ने कोसळला आणि त्या उत्तरात कॉर्स हेडर नसेल, तर कन्सोल कॉर्सचीच चूक दाखवतो. म्हणून सर्व्हरचा लॉग मागवून बघावा. दुसरी: टोकन हेडरमध्ये असलं की ब्राउझर आधी ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवतो, तिच्यात टोकन नसतं, आणि सर्व्हर तिच्यावरही टोकन मागत असेल तर ४०१ देऊन सगळं तिथेच अडतं.

नो-कॉर्स मोड लावू नका. चूक नाहीशी होते, पण उत्तर अपारदर्शक येतं: स्टेटस ०, मजकूर वाचता येत नाही. कॉर्स बंद करणारं एक्स्टेन्शनही नको, ते तुमच्या वापरकर्त्यांच्या फोनवर नसणार. व्हीटच्या डेव्ह सर्व्हरचा प्रॉक्सी घरी चालतो, होस्टिंगवर नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एका वापरकर्त्याला दुसऱ्याची माहिती दिसली, तर शोधत बसू नका. ते पान त्याच क्षणी बंद करा आणि बॅकएंड सांभाळणाऱ्याला कळवा. कारण सर्व्हरवरच्या किंवा सीडीएनच्या (पानांच्या प्रती जागोजागी ठेवणाऱ्या सेवेच्या) कॅशेत असू शकतं आणि कंपोनंटमधून ते दुरुस्त होत नाही.

गुप्त चावी ब्राउझरच्या कोडमध्ये गेली असेल, तर ती फाइलमधून काढून भागत नाही. गिटच्या इतिहासात आणि आधीच्या बिल्डमध्ये ती राहते. चावी रद्द करून नवी घ्या आणि ती वापरणारी रिक्वेस्ट सर्व्हरवरून कशी करायची हे जाणकाराकडून करून घ्या. लॉगिनचे टोकन कुठे साठवायचे, नव्याने कसे मिळवायचे, हेही अंदाजाने करायचं काम नाही.

५०२ किंवा ५०४ पुन्हा पुन्हा येणं, एसएसएल प्रमाणपत्राची मुदत संपणं, कॉर्स हेडर बदलणं, ही सर्व्हरवाल्याची कामं. एपीआय दुसऱ्या संस्थेचा असेल आणि तिथून परवानगी मिळत नसेल, तर मधे स्वतःचा छोटा सर्व्हर लागतो. वापराच्या अटी वाचूनच तो उभारा.

बोलावताना सोबत द्या: पूर्ण पत्ता, स्टेटस, रिक्वेस्ट गेल्याची वेळ भारतीय वेळेत, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, कन्सोलचा मजकूर जसाच्या तसा, आणि नेटवर्क टॅबमधून काढलेली हार (HAR) फाइल, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टींची नोंद. क्रोममध्ये ती काढताना "सॅनिटाइज्ड" हा पर्याय घ्या. दुसरीकडून काढली तर आधी तिच्यातल्या कुकी आणि टोकन पुसा, आणि फाइल ग्रुपवर न टाकता त्या एका माणसालाच पाठवा.